काकांची वही आणि हबस्पॉट

टीईच्या सुट्टीत मी भोसरी एमआयडीसीत सहा आठवडे इंटर्नशिप केली. कंपनी हायड्रॉलिक सिलिंडर आणि पॉवर पॅक बनवते. माणसं पन्नासेक. मेकॅनिकलचा विद्यार्थी म्हटल्यावर मी मनाशी ठरवलं होतं की होनिंग मशीनजवळ उभं राहायचं, सील कसे बसवतात ते बघायचं, टेस्टिंगला हात लावायला मिळाला तर सोन्याहून पिवळं. पहिल्याच दिवशी धाकट्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "कॉम्प्युटर चांगला येतो ना?" मी म्हणालो, "हो सर." तिथेच चुकलं!

धाकटे साहेब नुकतेच एका प्रदर्शनाला जाऊन आले होते. तिथे शेजारच्या स्टॉलवाल्याने त्यांना 'हबस्पॉट' नावाचं सॉफ्टवेअर दाखवलं होतं. मार्केटिंग आणि सेल्स दोन्ही एकाच ठिकाणी. कोण गिऱ्हाईक वेबसाइटवर आलं, त्याने काय बघितलं, कोणतं कोटेशन कुठे अडकलंय, सगळं स्क्रीनवर. साहेब म्हणाले, "तू हे वापरून बघ. आपल्याला उपयोगाचं आहे की नाही ते शेवटच्या आठवड्यात रिपोर्टमध्ये लिहून दे. खरं लिही हं, ब्रोशर नको." कॉलेजातल्या गाईड सरांना फोन केला तर ते म्हणाले, "यात मेकॅनिकल कुठे आहे?" मला पण तेच विचारायचं होतं.

असो. पण त्या सहा आठवड्यांत जे शिकलो ते आपल्या सिलॅबसमध्ये नाही, आणि आपल्यातले निम्मे लोक पुढे अशाच कंपन्यांत जाणार आहेत. म्हणून हा लेख.

आधी सीआरएम म्हणजे काय ते सांगतो. कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट. नाव जड आहे, काम सोपं. कोणती पार्टी, तिथला माणूस कोण, त्याच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं, काय ठरलं, पुढे काय करायचं... एवढंच. हे पूर्वी डायरीत असायचं. आमच्या कंपनीत ते अजूनही डायरीतच होतं. सेल्सच्या काकांच्या डायरीत.

काका १९९४ पासून तिथे आहेत. चाकण, रांजणगाव, शिरोली, सातपूर, सगळीकडच्या पार्ट्या त्यांच्या. सुरुवातीची वर्षं त्यांनी चेतकवर काढली. त्यांच्याकडे तीन वह्या आहेत, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, आपल्याकडे हिशेबाला वापरतात तशा. पानावर डाव्या बाजूला कंपनीचं नाव, उजवीकडे बारीक अक्षरात काय काय. मी दुसऱ्या दिवशी नम्रपणे म्हटलं, "काका, वह्या दोन दिवसांसाठी देता का? डेटा एन्ट्री करायची आहे." त्यांनी वही ड्रॉवरमध्ये टाकली, किल्ली फिरवली आणि म्हणाले, "चहा घेणार?"

मग मी काकांना सोडून आधी सॉफ्टवेअरच्या मागे लागलो.

या धंद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातून हबस्पॉट असं का आहे ते कळतं. १९९३ साली अमेरिकेत सीबेल सिस्टिम्स निघाली. मोठमोठ्या कंपन्यांच्या सेल्समनसाठी त्यांचं सॉफ्टवेअर असायचं. ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवा, त्यासाठी कन्सल्टंट आणा, महिनोन्महिने काम चालणार. १९९९ मध्ये ऑरेकल सोडून आलेल्या मार्क बेनिऑफने तीन जणांना घेऊन सेल्सफोर्स काढली. त्यांचं म्हणणं, बसवायची भानगडच नको, ब्राउझर उघडा, लॉगिन करा, माणशी महिन्याचं भाडं द्या. आज ही पद्धत इतकी अंगवळणी पडलीय की त्यात विशेष वाटत नाही. पण तेव्हा ती एवढी नवी होती की त्यांनी चक्क 'सॉफ्टवेअर' या शब्दावर काट मारलेला लोगो केला होता. २००४ मध्ये सेल्सफोर्स न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली आणि तिथे तिचं चिन्हच 'सीआरएम' आहे! सीबेल ऑरेकलने घेतली, २००५ मध्ये सौदा जाहीर झाला, जवळपास ५८५ कोटी डॉलरला.

हबस्पॉट यानंतरची. एमआयटीत शिकताना भेटलेल्या ब्रायन हॅलिगन आणि धर्मेश शहा या दोघांनी २००६ मध्ये ती सुरू केली. (आता २०२१ पासून तिथे सीईओ आहेत यामिनी रंगन, आणि त्यांचं इंजिनियरिंग आपल्या भारतातलं!) ही मंडळी सेल्सच्या बाजूने आली नाहीत, मार्केटिंगच्या बाजूने आली. त्यांचं म्हणणं असं की अनोळखी माणसाला फोन करकरून, मेल पाठवून पाठवून पिडण्यापेक्षा उपयोगाची माहिती लिहून ठेवा, लोक शोधत आपोआप तुमच्याकडे येतील. याला त्यांनी 'इनबाउंड मार्केटिंग' म्हटलं आणि २००९ मध्ये त्याच नावाचं पुस्तकही लिहिलं. मोफत सीआरएम त्यांनी २०१४ मध्ये दिलं. म्हणजे गिऱ्हाईक इंटरनेटवरून चालत येणार, हे हबस्पॉटच्या पायातच धरलेलं आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता हे येणारं गिऱ्हाईक त्यांना दिसतं कसं? मला यातच सगळ्यात जास्त मजा आली. तुमच्या वेबसाइटच्या प्रत्येक पानावर जावास्क्रिप्टचा एक छोटा तुकडा टाकायचा. कोणी पान उघडलं की तो तुकडा त्याच्या ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवतो. त्या कुकीत एक लांबलचक नंबर असतो, बाकी काही नाही. आता समजा, एक माणूस सोमवारी आला, टाय-रॉड सिलिंडरचं पान बघून गेला. गुरुवारी परत आला, पॉवर पॅकचं बघितलं. अजून आपल्याला तो कोण ते माहीत नाही, नुसता एक नंबर. पुढच्या आठवड्यात त्याने कॅटलॉग हवा म्हणून फॉर्म भरला, नाव आणि ईमेल दिला. झालं! तो नंबर आणि ते नाव जोडलं गेलं आणि सोमवार-गुरुवारची सगळी भटकंती त्याच्या नावावर मागून येऊन चिकटली. आपण दुकानाबाहेर घुटमळत होतो तेव्हापासून दुकानदार आपल्याला बघत होता, हे नाव सांगितल्यावर कळावं, तसा प्रकार.

मेल उघडला की नाही हे कळण्याची युक्ती तर अजून सोपी आहे. मेलमध्ये एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र असतं. मेल उघडला की ते चित्र सर्व्हरवरून मागवलं जातं, आणि मागणी आली की सर्व्हर नोंद करतो, 'उघडला.' पण यात आता गंमत झाली आहे. जीमेल २०१३ पासून चित्रं स्वतःच्या मधल्या सर्व्हरवरून आणून दाखवतं, त्यामुळे वाचणारा कुठे बसलाय ते समजत नाही. आणि ॲपलने २०२१ मध्ये आयफोनच्या मेलमध्ये अशी सोय दिली की ती चालू असली की माणसाने मेल उघडो न उघडो, चित्रं आधीच मागवून ठेवली जातात. म्हणजे स्क्रीनवर 'उघडला' दिसतं आणि त्या बिचाऱ्याने बघितलेलाही नसतो. मोठ्या कंपन्यांचे सुरक्षेचे प्रोग्रॅम तर मेलमधल्या लिंका स्वतःच दाबून तपासतात. धाकट्या साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "उघडला" चे हिरवे आकडे त्यांना फार आवडले होते.

तिसऱ्या आठवड्यात मी पहिली मोठी चूक केली. ती सांगतो, कारण डीबीएमएस घेतलेल्यांना ती वाचून आनंद होईल.

अकाउंट्समधून एक एक्सेल फाइल मिळाली होती, जुन्या-नव्या सगळ्या पार्ट्यांची. मोबाइल नंबरांना मागे ९१ लावलेलं होतं. बारा आकडी नंबर एक्सेलला झेपले नाहीत, त्याने ते दशांश आणि घातांकात दाखवले, आणि मी तसंच सीएसव्हीत सेव्ह केलं. निम्मे नंबर शून्यांनी संपायला लागले! ते निदान लगेच दिसलं, सुधारलं. खरी गडबड दिसली नाही. हबस्पॉट माणूस ओळखतं ईमेलवरून, आणि कंपनी ओळखतं वेबसाइटच्या डोमेनवरून. म्हणजे ईमेल ही प्रायमरी की. अमेरिकेत प्रत्येकाला कंपनीचा स्वतःचा ईमेल असतो, तिथे हे बरोबर आहे. आपल्याकडे काय असतं? एका कारखान्यात परचेसचा एकच ईमेल, तो परचेस मॅनेजरही वापरतो, त्याचा असिस्टंटही आणि स्टोअरकीपरही. मी तीन ओळी टाकल्या. तिन्हींचा ईमेल एकच. प्रोग्रॅमने मुकाट्याने एक माणूस ठेवला, शेवटचा. दुसरीकडे ज्या वर्कशॉपवाल्यांना ईमेलच नाही, त्यांची तीच तीच नावं दोन-दोनदा आत गेली, एकदा 'मे.' लावून, एकदा न लावता.

हे मला कधी कळलं? काका मागे उभे राहून स्क्रीन बघत होते तेव्हा. चाकणच्या एका पार्टीपुढे नाव दिसत होतं स्टोअरकीपरचं. काका म्हणाले, "अरे, या माणसाला पाच हजारांच्या वरचं काही सही करता येत नाही. याला फोन करून काय उपयोग? मॅनेजर कुठे गेले?" मी खाली मान घालून म्हटलं, "काका, ते पुसले गेले." काका हसले. मनापासून. त्या दिवसापासून आमचं जमलं असं म्हणायला हरकत नाही.

त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर ते बोलले. "हे बघ, मशीनशी माझं भांडण नाही. माझा मुलगा हेच काम करतो, हिंजवडीत. पण मला दोन वर्षं राहिली. वही दिली की मी कशाला लागतो? आणि मधल्या काळात माझ्या पार्ट्यांना दुसऱ्याने फोन केला, ऑर्डर त्याच्या नावावर गेली, तर माझा इन्सेंटिव्ह कुठे गेला? हे तुझ्या रिपोर्टमध्ये लिहिणार आहेस का?" मी काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर तोपर्यंत मी असा विचारच केला नव्हता. माझ्या दृष्टीने वही म्हणजे इनपुट फाइल होती.

पुढचा आठवडा पाइपलाइनमध्ये गेला. पाइपलाइन म्हणजे नळ नव्हे. सौदा कोणकोणत्या टप्प्यांतून जातो त्याची रांग. हबस्पॉट उघडल्यावर टप्पे तयारच मिळतात, आणि प्रत्येकाला एक टक्का चिकटवलेला असतो. अपॉइंटमेंट ठरली, २० टक्के. गिऱ्हाईक घेण्याजोगं आहे, ४०. प्रेझेंटेशन ठरलं, ६०. निर्णय घेणारा माणूस राजी, ८०. कॉन्ट्रॅक्ट पाठवलं, ९०. मिळालं की १००, गेलं की शून्य. मग सॉफ्टवेअर काय करतं, तर सौद्याची रक्कम गुणिले टक्का, सगळ्यांची बेरीज, की झाला या महिन्याचा अंदाज. आपण प्रॉबॅबिलिटीत अपेक्षित मूल्य काढतो ना, तेच. पाच लाखांचं काम ९० टक्क्यांवर असेल तर ते साडेचार लाख धरायचं.

आता भोसरीतल्या सिलिंडरला प्रेझेंटेशन कसलं आलंय? आमच्याकडे असतं असं: इन्क्वायरी येते, बहुतेक वेळा फोटोसह. मग ड्रॉइंग, किंवा काका जाऊन तुटलेला पीस उचलून आणतात. मग कोटेशन. मग घासाघीस. मग पी.ओ. किंवा शांतता. हे टप्पे बदलता येतात, मी बदलले. प्रश्न टक्क्यांचा होता. मी कंपनीचं तीन वर्षांचं कोटेशन रजिस्टर काढून बसलो (दोन दिवस गेले, पाठ धरली). एकूण बघितलं तर साधारण चार कोटेशनमागे एक ऑर्डर. म्हणजे कोटेशनच्या टप्प्याला २५ टक्के लावून मोकळं व्हावं? पण पार्ट्या वेगळ्या केल्या तर चित्रच बदललं. जुन्या पार्ट्यांत दोनातली एक ऑर्डर लागत होती. इंटरनेटवरून आलेल्या नव्या इन्क्वायऱ्यांत वीस कोटेशनं गेली तर एखादी. २५ टक्के हा आकडा दोघांनाही लागू नव्हता! आणि जुन्या पार्ट्यांतही, कोण नुसता रेट काढायला कोटेशन मागवतो आणि कोण खरंच घेणार, हे काका एका नजरेत सांगायचे. मी त्यांची परीक्षा घेतली. रजिस्टरमधली जुनी दहा कोटेशनं निकाल झाकून विचारली. नऊ बरोबर आली. अर्थात त्यातली काही त्यांना आठवतही असणार, त्यामुळे हा प्रयोग काही शास्त्रशुद्ध नाही.

आता लीड स्कोअरिंगचा किस्सा. ही सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे, म्हणून चौदा दिवसांचं ट्रायल घेतलं. कोणी काय केलं की किती गुण, ते आपण ठरवायचं. किमतीसाठी फॉर्म भरला, २० गुण. कॅटलॉग उतरवला, १०. पान बघितलं, २. ज्याचे गुण जास्त तो तापलेला, त्याला आधी फोन. वेबसाइटवर तो जावास्क्रिप्टचा तुकडा मी पहिल्याच आठवड्यात टाकला होता, त्यामुळे माहिती जमलेली होती. आठवड्याभरात एक नाव सगळ्यांच्या वर गेलं. नव्वदच्या पुढे गुण! सगळे कॅटलॉग उतरवलेले, रात्री दीड वाजतासुद्धा पानं बघितलेली. धाकटे साहेब खूश. सेल्समधल्या तरुण दादांनी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "सर, मी सांगलीला बी.ई.ला आहे, हायड्रॉलिक प्रेसचा प्रोजेक्ट आहे. सर, स्पॉन्सरशिप मिळेल का?"

हसू नका, आपण सगळेच हे करतो. आणि त्याच आठवड्यात त्या महिन्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर आली. त्या माणसाचे गुण शून्य. तो वेबसाइटवर कधी आलाच नव्हता. त्याने काकांना मिस्ड कॉल दिला, मग व्हॉट्सॲपवर गळणाऱ्या सिलिंडरचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'असे सहा.'

व्हॉट्सॲप हबस्पॉटला जोडता येतं, पण ते वरच्या प्लॅनमध्ये आणि कंपनीच्या बिझनेस नंबरवरून. काकांच्या खिशातल्या फोनमध्ये जे चाललेलं असतं ते त्यात आपोआप येत नाही. तसंच उधारीचं. कोणाचे पैसे नव्वद दिवस अडकलेत हे टॅलीत असतं. ज्याचा आधीचाच हिशेब बाकी आहे त्याचा नवा सौदा पाइपलाइनमध्ये हिरवागार दिसतो आणि बेरजेत धरला जातो. दोन्ही जोडायला मधे कोणाचं तरी सॉफ्टवेअर लागतं, किंवा माणूस लागतो.

तुम्ही म्हणाल, म्हणजे हे निरुपयोगी का? मुळीच नाही. एक काम त्याने असं केलं की मी स्वतः चाट पडलो. सगळी चालू कोटेशनं भरून झाल्यावर मी एक साधी यादी काढली: कोटेशन पाठवून पंधरा दिवस झाले आणि नंतर एकदाही बोलणं नाही. एकतीस निघाली! कोणाची चूक म्हणून नाही, सेल्सला माणसं तीन, रोज नवीन काहीतरी येतं, मागचं मागे पडतं. तरुण दादांनी आणि काकांनी दोन दिवसांत सगळ्यांना फोन केले. बहुतेक ठिकाणी काम दुसऱ्याकडे गेलेलं होतं. तिघं अजून थांबलेले होते, आणि एकाने त्याच आठवड्यात पी.ओ. दिला. यासाठी कुकी नको, स्कोअर नको, पैसेही नकोत. हे मोफत सीआरएममध्ये होतं. तारीख आणि आठवण, बस.

पैशांचं गणित रिपोर्टमध्ये सविस्तर दिलं, इथे थोडक्यात. किमती बदलत असतात, पण मी बघितलं तेव्हा खालचा स्टार्टर प्लॅन माणशी महिना वीस डॉलरच्या आत-बाहेर होता. मार्केटिंगचा प्रोफेशनल प्लॅन मात्र एकदम महिना आठशे डॉलरच्या घरात, शिवाय सुरुवातीला शिकवण्या-बसवण्याचे वेगळे. म्हणजे महिन्याला सत्तर हजार रुपयांच्या आसपास. मधली पायरीच नाही, पहिल्या मजल्यावरून थेट सातव्या. आणि मेल पाठवायच्या माणसांची संख्या वाढली की बिलही वाढतं. आपल्या चेन्नईच्या झोहोचं सीआरएम २००५ पासून आहे, आणि छोट्या धंद्यांसाठी त्यांनी २०२० मध्ये 'बिगिन' काढलं, ते माणशी काही शे रुपयांत येतं. मी तेही चार दिवस वापरलं. पाइपलाइन आणि आठवणी एवढंच हवं असेल तर पुरतं. वेबसाइटवरून कोण आलं याचा माग ठेवण्यात आणि एकंदर नीटनेटकेपणात हबस्पॉट सरस वाटलं. ज्या कंपनीचं गिऱ्हाईक खरोखरच गूगलवर शोधत येतं, परदेशी निर्यात वगैरे, तिने जरूर घ्यावं. आमच्या कंपनीचं गिऱ्हाईक मिस्ड कॉल देतं.

रिपोर्ट अकरा पानांचा झाला. दहा पानं लिहायला सोपी होती. मोफत सीआरएम वापरा, कोटेशनच्या तारखा भरा, महागडा प्लॅन आत्ता घेऊ नका, वेबसाइटवर किमतीचा फॉर्म ठेवा वगैरे. अकरावं पान वह्यांचं होतं. ते लिहू की नको यात दोन रात्री गेल्या. इंटर्नने इन्सेंटिव्हबद्दल बोलायचं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. घरी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "साहेबांनी खरं लिही म्हटलंय ना?" मग लिहिलं. प्रत्येक पार्टीपुढे 'ओनर' म्हणून एक रकाना असतो. काकांच्या पार्ट्यांपुढे काकांचं नाव राहावं, ऑर्डर कोणीही घेतली तरी ते असेपर्यंत इन्सेंटिव्हमध्ये त्यांचा वाटा असावा, आणि हे तोंडी नको, कागदावर असावं. नाहीतर वह्या येणार नाहीत, आणि वह्यांशिवाय हे सॉफ्टवेअर म्हणजे रिकामा टेबल आहे.

धाकट्या साहेबांनी ते पान वाचून बाजूला ठेवलं. दोन दिवस काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, सर्टिफिकेट गेलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी काकांना आत बोलावलं. आत काय झालं ते मला माहीत नाही. काका बाहेर आले, ड्रॉवर उघडला, तीनपैकी एक वही काढली आणि म्हणाले, "ही घे. म्हणजे घेऊ नकोस, मी वाचतो, तू टाइप कर. बाकीच्या दोन पत्र हातात आल्यावर."

शेवटचे चार दिवस आम्ही तेच केलं. रोज पाचनंतर. वहीत काय काय होतं सांगू! कोणत्या कारखान्यात वीकली ऑफ कधी. कोणाला आधी ड्रॉइंग लागतं, कोणाला आधी रेट. कोणते साहेब सकाळी अकराच्या आत चिडलेले असतात. कोणत्या प्रेसवर आपला सिलिंडर बसवलाय, किती साली, सील कधी बदललं. हे शेवटचं तर सोनं होतं. त्यावरून पुढची सर्व्हिस कधी येणार ते आधीच कळतं. मी त्यासाठी वेगळे रकाने केले आणि तारखांना आठवणी लावल्या. काकांना ते आवडलं. म्हणाले, "हे बरंय, हे माझ्या डोक्यात राहत नव्हतं."

एका पानावर रांजणगावची पार्टी होती. काका वाचता वाचता थांबले. तिथल्या मालकांच्या घरी काही अडचण झाली होती, त्यामुळे एक वर्ष पैसे थकले, काकांनी मोठ्या साहेबांकडे शब्द टाकून माल चालू ठेवला होता, आणि नंतर त्या माणसाने पै न् पै चुकती केली. अजूनही दरवर्षी तिथून ऑर्डर येते. मी टाइप करायला लागलो तर काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. "हे नको. त्यांच्या घरातली गोष्ट आहे. कोणीही उघडून वाचेल." २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याबद्दल मी रिपोर्टमध्ये अर्धं पान लिहिलं होतं, संमती वगैरे. काकांनी तो कायदा वाचलेला नाही.

पण तो रकाना रिकामा ठेवला तर पुढचा माणूस या पार्टीला उधारी नाकारणार, हेही दिसत होतं. शेवटी काकांना विचारून मी तिथे दोनच शब्द टाइप केले आणि सेव्ह केलं: 'काकांना विचारणे.'

– बी.ई. (मेकॅनिकल)